पंखातलं पाणी

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी दिल्लीत मुनिरकाला राहत असेल, तर पालमच्या विमानतळाकडे जाणारी मोठाली विमानं त्याच्या ओळखीची असतील. तिथून काही किलोमीटरवर सफदरजंगचा जुना विमानतळ आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या दिल्ली फ्लाइंग क्लबची चिमुकली विमानं अनेक वर्षं तिथून उडायची. अशी विमानं बरेचदा उघड्यावरच उभी असतात. मग जुलैतला पाऊस कोसळला आणि पेट्रोलच्या टाकीत पाणी शिरलं तर?

शिरतं ना! सेसना १७२ या अशाच चिमुकल्या विमानाच्या टाक्या असतात पंखांच्या पोटात आणि टाक्यांची झाकणं पंखांच्या पाठीवर. झाकणाला रबरी कडं असतं. उन्हाने ते कडक होऊन तडकलं, की पावसाला वाट मिळाली. शिवाय अर्धवट भरलेली टाकी रात्री गार पडली, की आतल्या हवेतली वाफच थेंब होऊन जमते. म्हणून पुष्कळ वैमानिक संध्याकाळीच टाकी काठोकाठ भरून ठेवतात. हवेला जागाच नको!

पाणी काही जळत नाही. ते इंजिनापर्यंत पोचलं, की इंजिन अडखळतं, बंदही पडतं. नुकतीच जमीन सोडलेली असताना असं झालं, तर सावरायला वेळच उरत नाही.

पण पाणी लपतं कुठे, हे वैमानिकाला पक्कं ठाऊक असतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो आणि एक लिटर विमानाच्या पेट्रोलचं साधारण ७२० ग्रॅम. पाणी तळाशी जाणारच! म्हणून टाकीच्या सगळ्यात खालच्या जागी छोटी झडप असते. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि दर वेळी इंधन भरल्यावर वैमानिक पंखाखाली उभा राहून पारदर्शक पेला त्या झडपेला टेकवतो आणि वर दाबतो. पेल्यात निळं पेट्रोल उतरतं, कारण ओळखू यावं म्हणून त्यात मुद्दाम रंग घातलेला असतो. तळाशी बिनरंगी मणी डुलताना दिसला, की ते पाणी! मग ते पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा पेला भरायचा. नव्या सेसना १७२ ला अशा १३ झडपा असतात आणि एकही वगळायची नसते.

आता डोकं चालवा. पेल्यात दोन थर दिसलेच नाहीत, तर पेट्रोल शुद्ध समजायचं का? मुळीच नाही! पेला नुसत्या पाण्यानेच भरला असेल तर? म्हणून तो पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरून निळा रंग आहे ना, हे बघायचं.

पूर्वी हे पाणी कसं अडवायचे? १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला निघाले, तेव्हा अहमदाबादला त्यांच्या विमानाचं पेट्रोल चक्क बैलगाडीतून, डब्यांत भरून आलं होतं. त्या काळी पेट्रोल मऊ चामड्यातून गाळून टाकीत ओतायची पद्धत होती. पेट्रोल चामड्यातून झिरपतं, पाणी वरच अडतं.

घरी एका बाटलीत पाणी आणि पेट्रोलच्या जागी गोडं तेल घालून खूप हलवा आणि तळाशी कोण जातं ते बघा. पेट्रोल किंवा रॉकेलला मात्र अजिबात हात लावायचा नाही!