एकाच रक्तवाहिनीत ब्लॉक: ईसीजी नॉर्मल, तरी आजार कसा?

अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर ‘सिंगल व्हेसल डिसीज’ लिहिलेले असते, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, “डॉक्टर, मागच्याच महिन्यात ईसीजी काढला होता. तो तर नॉर्मल होता!”

हृदयाच्या स्नायूला तीन मुख्य रक्तवाहिन्या रक्त पुरवतात: समोरची एलएडी, मागे वळणारी सर्कमफ्लेक्स आणि उजवी आरसीए. त्यांपैकी एकीतच मोठा अडथळा असेल, तर तो सापडणे काही वेळा अवघड जाते. रक्तवाहिनी 70 टक्के अरुंद झाली तरी पडून असताना हृदयाला रक्त पुरते. ईसीजी आपण त्याच वेळी काढतो. शिवाय नेहमीचे छातीवरचे इलेक्ट्रोड पुढच्या बाजूला लावतात. सर्कमफ्लेक्सचा भाग मागे असल्याने तिथला हार्ट अटॅकसुद्धा निसटू शकतो. संशय असेल तर डॉक्टर पाठीवरही इलेक्ट्रोड लावतात आणि रक्तातील ट्रोपोनिन ठरावीक अंतराने पुन्हा तपासतात.

ट्रेडमिलवर चालवून केलेली टीएमटी एक पाऊल पुढे जाते, पण जेवढा जास्त स्नायू रक्तावाचून राहतो तेवढे तिच्यातले बदल ठळक दिसतात. एकाच रक्तवाहिनीच्या आजारात ती निगेटिव्ह येऊ शकते. पॉझिटिव्ह आली, तरी ब्लॉक कोणत्या रक्तवाहिनीत आहे हे सहसा सांगत नाही. स्ट्रेस इको किंवा थॅलियम स्कॅनमध्ये निरोगी भागाशी तुलना होते, त्यामुळे उपाशी राहिलेला भाग उठून दिसतो. गंमत म्हणजे तिन्ही रक्तवाहिन्या सारख्याच खराब असतील, तर तुलनेला चांगला भागच उरत नाही आणि स्कॅन फसू शकतो!

एक धोक्याची गोष्ट मुद्दाम सांगते. छातीत दुखून थांबले, आता रुग्ण ठणठणीत आहे, पण ईसीजीत छातीच्या पुढच्या लीडमध्ये टी-लहरी उलट्या किंवा वर-खाली झालेल्या दिसतात. 1982 मध्ये वेलेन्स आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेले हे चित्र एलएडीच्या सुरुवातीच्या गंभीर ब्लॉकचे असू शकते. अशा रुग्णाला टीएमटीवर पळवायचे नसते. त्याला दाखल करून बहुधा अँजिओग्राफीच करावी लागते. ‘आता दुखत नाही’ म्हणून घरी जाण्याचा आग्रह धरू नका.

सीटी अँजिओग्राफी चांगल्या दर्जाची आणि स्वच्छ आली, तर मोठा ब्लॉक नसल्याची बऱ्यापैकी खात्री देते. मात्र रक्तवाहिनीत कॅल्शियम जास्त असेल, तर ब्लॉक आहे त्याहून मोठा दिसतो. नेहमीच्या अँजिओग्राफीतही 50–60 टक्क्यांचा आकडा बराचसा नजरेचा अंदाज असतो. अशा वेळी बारीक तारेने ब्लॉकच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतात. याला एफएफआर म्हणतात. तो 0.80 किंवा कमी असेल, तर त्या ब्लॉकमुळे रक्तपुरवठा खरोखर कमी पडतो असे धरतात.

‘एकच तर आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नये. एलएडीच्या उगमाजवळचा ब्लॉक आणि छोट्या फांदीतला ब्लॉक, दोन्ही कागदावर ‘एकच’ असतात. म्हणून डॉक्टरांना विचारा: कोणती रक्तवाहिनी, कुठे, आणि तिच्यावर किती स्नायू अवलंबून आहे? जिना चढताना छाती भरून येते, थांबल्यावर बरे वाटते, असे असेल तर निगेटिव्ह टीएमटी हातात असली तरी तेही सांगा. बसल्याजागी दुखू लागले किंवा घाम फुटून दुखणे थांबत नसेल, तर 108 ला फोन करा.