समुद्रातला गुलाब काचपेटीत आणण्याआधी

मालदीवच्या धिवेही भाषेत गुलाबाला ‘फिनिफेन्मा’ म्हणतात. गुलाब हे त्या देशाचं राष्ट्रीय फूल. मार्च २०२२ मध्ये एका छोट्या, गुलाबी-किरमिजी माशाला हेच शास्त्रीय नाव मिळालं: सिर्‍हिलाब्रस फिनिफेन्मा. नाव देणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये अहमद नजीब हे मालदीवचेच संशोधक होते. त्या बेटांच्या समुद्रातल्या नव्या माशाचं वर्णन करण्यात तिथलाच माणूस सहभागी असण्याची ही पहिली वेळ. त्याआधी कित्येक वर्षं हा मासा दुसऱ्याच नावाने ओळखला जात होता. १९८३ मध्ये चागोस बेटांवरच्या एका पिल्लावरून ज्या जातीचं वर्णन झालं होतं, तिचाच हा मोठा मासा असं सगळे धरून चालले होते. शास्त्राला त्याची खरी ओळख पटायच्या आधीच तो शौकिनांच्या टाक्यांसाठी विकलाही जात होता.

हा मासा ‘रॅस’ कुळातला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक मुका डब्ल्यू आहे, तेवढा सोडून द्यायचा. जगात या कुळाच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. बोटभर लांबीपासून दोन मीटरपर्यंत. नेपोलियन रॅस हा त्यातला सगळ्यात मोठा. तो आता इतका कमी झाला आहे की २००४ पासून त्याच्या जागतिक व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. घरच्या टाकीसाठी लोक शोधतात ते मात्र छोटे ‘फेअरी’ आणि ‘फ्लॅशर’ रॅस. २०१९ मध्ये झांझिबारच्या समुद्रात सापडलेल्या अशाच एका जांभळ्या माशाला शास्त्रज्ञांनी ‘वकांडा’ असं नाव दिलं. सिनेमा पाहिलेली मुलं हे नाव एकदा ऐकलं की विसरत नाहीत, आणि मग घरात मागणी सुरू होते.

पुण्यात समुद्री टाकीचा शौक आता थोड्याथोडक्या लोकांपुरता राहिलेला नाही. कोंढव्यात, कॅम्पात, वानवडीत ओळखीच्या घरी गेलं की कोपऱ्यात निळा उजेड दिसतो. आमच्याकडे शिकणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, “सर, एखादा दुर्मीळ रॅस घ्यावा का? मुलांना शिकायलाही मिळेल.” शिकायला मिळेल हे खरं. पण मासा निवडण्याआधी आपलं शहर आणि आपलं घर पाहावं, असं आम्हाला वाटतं.

फेअरी रॅस सतत पोहणारा मासा. त्याला निदान तीनशे लिटरची टाकी हवी. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन तीनशे किलोच्या वर. काच, दगड, स्टँड वेगळे. जुन्या वाड्यातल्या लाकडी माळ्यावर हा प्रयोग करू नये. एक लिटर पाण्याला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ लागतं. पहिल्या भरणीलाच दहा-अकरा किलो, आणि दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं तर दर वेळी किलोभर. हे मीठ मुद्दाम मत्स्यालयासाठी बनवलेलं असतं, मिठागरातलं किंवा स्वयंपाकघरातलं चालत नाही. पाणी आरओचं, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि बोअरवेलच्या पाण्यात क्षार. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी भरायचं, खारं नाही. मीठ काही उडून जात नाही, ते टाकीतच राहतं. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या कोरड्या हवेत टाकीची पातळी पाहता पाहता खाली जाते. त्यातच पारा चाळिशीला टेकतो, आणि या माशाला हवं असतं २५-२६ अंश. म्हणजे चिलर आला, त्याचं वीजबिल आलं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की पंप बंद, पाण्यातला प्राणवायू कमी. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप किंवा इन्व्हर्टर आधी घ्यावा, मासा नंतर.

टाकीला वरून बारीक जाळीचं झाकण हवंच. रॅस घाबरला की उडी मारतो. सकाळी सोफ्याखाली वाळलेला मासा सापडल्याच्या हकिकती आम्ही एकाहून अधिक घरांत ऐकल्या आहेत.

या माशांच्या सवयी मात्र खरोखर पाहण्यासारख्या. काही जाती रात्री तोंडातून बुळबुळीत द्रव सोडून स्वतःभोवती पातळ पिशवी विणतात आणि तिच्यात झोपतात. काही वाळूत शिरतात. बिबट्या-ठिपक्यांचा लेपर्ड रॅस नव्या टाकीत सोडला की कधीकधी काही दिवस वाळूतून वरच येत नाही. घरचे लोक मेला समजून वाळू उकरतात आणि मग खरोखरच त्याचं नुकसान होतं. अशा जातींसाठी तळाला निदान दोन इंच बारीक वाळू लागते. बहुतेक रॅस जन्माला मादी म्हणून येतात. कळपातला नर गेला की सर्वांत दांडगी मादी काही आठवड्यांत नर होते, रंगही बदलतो. म्हणूनच दुकानात झगझगीत नर महाग आणि साधी दिसणारी मादी स्वस्त असली तरी आमची पसंती मादीला किंवा पिल्लाला. ती टाकीत लवकर रुळते, आणि एकटा ठेवलेला नर पुष्कळदा हळूहळू फिका पडतो. दोन नर एका टाकीत तर आणूच नयेत.

दुकानात मासा पसंत पडला की लगेच पैसे काढू नयेत. किती दिवसांपासून दुकानात आहे, काय खातो, कुठून आला, हे विचारावं. समोर खायला घालायला सांगावं. डोक्यामागची पाठ बारीक झाली असेल, पोट आत गेलं असेल तर तो उपाशी आहे आणि बहुधा वाचणार नाही. लेपर्ड रॅस निसर्गात वाळूतले अगदी बारीक जीव वेचून खातो. दुकानात पोचेपर्यंत तो अर्धमेला झालेला असतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक मासा आमच्या मते कुणीच घेऊ नये: निळ्या-काळ्या पट्ट्यांचा क्लीनर रॅस. प्रवाळावर त्याचा जणू दवाखानाच असतो. मोठमोठे मासे त्याच्यासमोर तोंड उघडून थांबतात आणि तो त्यांच्या अंगावरचे परजीवी खातो. जपानी शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये असा निष्कर्ष मांडला की हा मासा आरशात स्वतःला ओळखतो. टाकीत त्याला पुरेसे रोगीच मिळत नाहीत, आणि बऱ्याचदा तो भुकेने मरतो. बेजुबान जीव तक्रार करत नाही, एवढंच.

आता कायद्याचं. २००१ पासून आपल्याकडचे दगडी प्रवाळ, समुद्री पंखे आणि सर्व समुद्री घोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. भारतीय समुद्रातलं प्रवाळ किंवा त्याचे दगड काढणं, विकणं हा गुन्हा आहे. परदेशी प्रवाळालाही साइट्सची कागदपत्रं लागतात. “कागद नंतर देतो” म्हणणाऱ्या विक्रेत्याला आपण लगेच सलाम करून निघावं. टाकीत कृत्रिम दगड चालतो, माशांना त्याने काही फरक पडत नाही.

मोठी अडचण अशी की घरात येणारे जवळजवळ सगळे रॅस समुद्रातूनच पकडलेले असतात. फिलिपिन्स-इंडोनेशियात मासे गुंगवण्यासाठी सायनाइड फवारण्याची पद्धत १९६०च्या दशकापासून चालत आली. त्यात प्रवाळही मरतं, आणि पकडलेला मासा वरून धडधाकट दिसला तरी पुढे दगावतो. ‘दुर्मीळ’ म्हणून मिळणाऱ्या जाती चाळीस-साठ मीटर खोलीवरच्या असतात. तिथून घाईने वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते. दुर्मीळ शब्दाची किंमत दुकानात आपण मोजतो, समुद्रात मासा मोजतो.

क्लाउनफिशचं तसं नाही. भारतातल्या सरकारी संशोधन संस्थांनी त्याची पैदास साधली आहे, आणि ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातही त्याची हॅचरी आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर तिथल्या स्त्रिया शोभेची समुद्री कोळंबी वाढवून घरखर्चाला हातभार लावतात. पहिल्या वर्षी टाकीत क्लाउनफिशची जोडी आणि अशी कोळंबी ठेवावी. वर्षभर पाणी, वीज आणि खिसा तिघांनीही साथ दिली, तर एक मादी फेअरी रॅस आणावी. तीही आधी वेगळ्या छोट्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवून.

ज्यांना रॅस फक्त पाहायचे आहेत त्यांच्यासाठी मालवण आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं. दिवाळीनंतर पाणी निवळतं तेव्हा स्थानिक लोक मुखवटा आणि नळी देऊन पर्यटकांना प्रवाळावर नेतात. स्वारगेटहून रात्रीची एसटी पकडली की सकाळी तिथे.