वारा जाणतो कोण?

मागच्या वेळी आपण प्लेटोच्या जहाजापाशी थांबलो होतो. तिथले खलाशी सुकाणूसाठी भांडतात, आणि तारे-वारे जाणणाऱ्या खऱ्या नावाड्याला रिकामटेकडा ठरवतात. आज एका खऱ्याखुऱ्या जहाजावर फेरी मारू या. 'माल्टीज फाल्कन', लांबी 88 मीटर, 2006 साली तुर्कस्तानात पाण्यात उतरले. पहिले मालक टॉम पर्किन्स, अमेरिकन गुंतवणूकदार.

आतली दालने, उंची फर्निचर सोडून देऊ. ते चांगल्या हॉटेलातही दिसतं. डेकवर येऊ. तीन डोलकाठ्या, पंधरा शिडे. आणि त्यांना ताणून धरणारे दोर? नाहीतच! कार्बन फायबरची अख्खी डोलकाठी बुडापासून स्वतःभोवती फिरते, तिला पक्क्या जोडलेल्या आडव्या काठ्यांसकट. शीड डोलकाठीच्या पोटात गुंडाळलेलं. बटण दाबलं की दोन्हीकडे उलगडतं. पूर्वी यासाठी खलाशी वर चढत, वादळातसुद्धा. मूळ कल्पना 1960च्या दशकातली, विल्हेल्म प्रोल्स या जर्मन अभियंत्याची, आणि तीही मालवाहू जहाजांसाठी, बरं का. मिळाली ती चैनीला.

मग इथे वारा जाणतो कोण? आम्हाला वाटतं, हातांचं काम गेलं, पारख गेली नाही. झोत येण्याआधी पाणी काळवंडतं. ते ओळखून शीड आवरायला कोणी सांगायचं? पगारी कप्तानाने. पाहुणे जेवायला बसले असताना त्याचं ऐकलं जातं का, ते आता प्रश्नोत्तरांत घेऊ.