बैठक आणि बारबेल : सर्वांगीण बळासाठी कोणती बैठक उपयुक्त?

पांढुर्णा आणि सौंसर हा सातपुड्याच्या पायथ्याचा भाग संत्री आणि कापूस यांसाठी प्रसिद्ध आहे. बहार उतरला की बागेतून भरलेले कॅरेट डोक्या-खांद्यावरून गाडीपर्यंत येतात. मंडीत धान्याचे पोते हमालाच्या पाठीवर चढते. घरी सरपणाचा भारा, पाण्याचा हंडा आणि वैरणीची पेंढी स्त्रियांच्या वाट्याला येते. ही सर्व कामे वेगवेगळी दिसली तरी त्यांच्या मुळाशी शरीराची एकच हालचाल आहे. गुडघे व कंबर वाकवून खाली बसावयाचे आणि ओझ्यासह उभे राहावयाचे. व्यायामशास्त्रात हिलाच बैठक म्हणतात.

ही हालचाल रोज घडते, परंतु ती नीट कशी करावी हे सहसा कोणी शिकवीत नाही. परिणामी ऐन उमेदीत कंबर धरते, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात कर्त्या माणसाची कंबर धरली की चूल अडते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहून न्यावयाचे वजन ५५ किलोंपेक्षा अधिक असू नये. स्त्रिया आणि अल्पवयीन यांच्यासाठी ते याहून पुष्कळच कमी असावे. ओझ्याला मर्यादा असणे जितके आवश्यक, तितकेच ते उचलणारे शरीर तयार असणेही आवश्यक आहे. ही तयारी करून देणाऱ्या व्यायामांत बैठकीला अग्रस्थान आहे. मात्र तिचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाचे कार्य निराळे आहे.

आखाड्याचा वारसा

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत छिंदवाडा व विदर्भ हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांताचे घटक होते. भाषा, सण आणि सोयरीक यांबरोबर आखाड्याची परंपराही या भागाने विदर्भाशी वाटून घेतली आहे. सौंसरजवळील जामसावळीच्या पहुडलेल्या हनुमंताचे दर्शन घेण्यासाठी दूरदूरचे भाविक येतात. आखाडा कोणत्याही गावचा असो, तेथील मातीत उतरणारा मल्ल प्रथम मारुतीलाच वंदन करतो.

या परंपरेला आधुनिक संस्थेचे रूप मिळाले ते शेजारच्या अमरावतीत. वैद्य बंधूंनी १९१४ साली तेथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायाम व खेळ यांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांपुढे सादर केली. जोर, बैठका, मल्लखांब आणि मुद्गल ही केवळ गावाकडची करमणूक नसून एक शिस्तबद्ध व्यायामपद्धती आहे, हे त्यातून जगापुढे आले.

आखाड्यातील बैठक वजनाशिवाय केली जाते. खाली जाताना टाचा उचलल्या जातात, हात झुलतात, आणि एका दमात शेकड्याने बैठका काढल्या जातात. तिने दमसास वाढतो, मांड्या चिवट होतात, सांध्यांची लवचीकता टिकते. कुस्तीगिराला हे सारे हवेच असते. तथापि तिला एक मर्यादा आहे. शंभर बैठका सहज होऊ लागल्यावर दोनशे काढल्या, तर वाढतो तो मुख्यतः दम. एका झटक्यात मोठे वजन उचलण्याची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. स्नायूला बळकट व्हावयाचे असेल तर त्याच्यावरील भार क्रमाने वाढवावा लागतो. जुन्या तालमींनी हे ओळखले होते. दगडी नाल आणि जड मुद्गल ही साधने त्याचसाठी होती. बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांस वजनाच्या चकत्या लावलेली लोखंडी दांडी, हे त्याच विचाराचे मोजमापात बसविलेले रूप होय. स्पर्धेतील दांडी पुरुषांसाठी २० किलोंची आणि स्त्रियांसाठी १५ किलोंची असते. तिच्यावर दोन-अडीच किलोंच्या टप्प्याने भार वाढविता येतो, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

एका व्यायामात सारे शरीर

बारबेल घेऊन बसणे-उठणे हा केवळ पायांचा व्यायाम आहे, असा एक समज आहे. वस्तुतः मांडीचे पुढील स्नायू गुडघा सरळ करतात. नितंबाचे आणि मांडीच्या आतील बाजूचे स्नायू कंबरेचा सांधा उघडतात. पाठीच्या कण्यालगतचे स्नायू धड ताठ ठेवतात. पोटाचे स्नायू श्वासासह घट्ट होऊन कण्याला चहूबाजूंनी आधार देतात. आणि खांदे, हात व पाठीचा वरचा भाग दांडी स्थिर धरतात. पोते उचलताना ज्यांची गरज भासते ते बहुतेक सारे स्नायू येथे एकत्र काम करतात.

दांडी शरीराच्या कोणत्या भागावर ठेवली आहे यावर कोणत्या स्नायूंवर किती ताण पडेल हे ठरते. यामागील तत्त्व पहार वापरणाऱ्या शेतकऱ्यास परिचित आहे. दगड उलथविताना टेकू आणि भार यांतील अंतर वाढले की जोर अधिक लागतो. बैठकीत तोल राखण्यासाठी दांडी पावलाच्या मध्यभागाच्या वर राहावी लागते. ती पुढे धरली तर धड ताठ राहते आणि गुडघे पुढे जातात. पाठीवर खाली ठेवली तर धड पुढे झुकते आणि कंबर मागे जाते. गुडघा पुढे गेला की मांडीच्या पुढील स्नायूंचे काम वाढते. कंबर मागे गेली की नितंब आणि पाठ यांचे वाढते. पुढील सर्व प्रकारांतील भेद याच एका नियमातून निघतात.

प्रमुख प्रकार

पाठीवरील उंच बैठक : दांडी मानेच्या खाली, खांद्यांच्या वरच्या मांसल भागावर असते. मानेच्या हाडावर ती कधीही टेकू नये. धड बरेचसे ताठ राहते, खोल बसता येते आणि मांड्या व नितंब या दोहोंना समतोल काम मिळते. सर्वसाधारण बळासाठी हा मध्यममार्गी प्रकार होय.

पाठीवरील खालची बैठक : येथे दांडी आणखी दोन-तीन बोटे खाली, खांद्याच्या मागील स्नायूंवर असते. धड पुढे झुकत असल्याने नितंब व पाठ यांचा वाटा वाढतो आणि बहुतेकांना या प्रकारात सर्वाधिक वजन पेलता येते. पॉवरलिफ्टिंगचे अनेक खेळाडू हीच पद्धत वापरतात. त्या खेळात कंबरेची घडी गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली गेल्याशिवाय बैठक ग्राह्य धरली जात नाही. नवशिक्याला मात्र या प्रकारात पाठ गोल होऊ न देणे कठीण जाते.

समोरील बैठक : दांडी गळ्याजवळ, खांद्यांच्या पुढील भागावर असते आणि कोपरे उंच ठेवावी लागतात. पाठीवर पेलता येणाऱ्या वजनाच्या साधारण चार-पंचमांश वजनच येथे पेलते. पण मांड्यांना आणि पाठीच्या वरच्या भागाला पुरेपूर श्रम पडतात. धड झुकले तर दांडी पुढे निसटते. म्हणजे चूक लपत नाही, हा या प्रकाराचा मोठाच फायदा आहे.

डोक्यावरील बैठक : दोन्ही हात सरळ वर ताणून दांडी डोक्यावर धरावयाची व बसावयाचे. वजन थोडेच घेता येते. परंतु खांदे, पाठ, घोटे आणि तोल या सर्वांची परीक्षा होते. रिकाम्या बांबूनेही हिचा सराव करता येतो.

कोपरांवरील बैठक : १९३० च्या दशकातील अमेरिकन वेटलिफ्टर एड झर्चर यांच्या नावाने ती ओळखली जाते. दांडी कोपरांच्या खोबणीत घेतली जाते. छातीशी कवटाळलेले पोते किंवा दोन्ही हातांवर उचललेले वासरू यांच्याशी तिचे साम्य आहे. शेतकामाशी सर्वांत जवळचा असा हा प्रकार आहे. पण कोपरांना दांडी रुतते, म्हणून टॉवेल गुंडाळून थोड्या वजनाने आरंभ करावा.

एकपायी बैठक : एक पाय पुढे व दुसरा मागे बाकावर टेकवून ही बैठक करतात. दोन पायांच्या बळातील फरक ती दाखविते. कमी वजनात भरपूर श्रम होत असल्याने साधने अपुरी असलेल्या ठिकाणी ती विशेष सोयीची आहे.

स्पर्धेचा दाखला

या प्रकारांचे महत्त्व वेटलिफ्टिंगमध्ये स्पष्ट दिसते. स्नॅचमध्ये दांडी झेलली जाते ती डोक्यावरील बैठकीत, आणि क्लीन अँड जर्कच्या पहिल्या भागात उठावे लागते ते समोरील बैठकीतून. मावळातील वडगावच्या हर्षदा गरुड यांनी २०२२ साली ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे कनिष्ठ जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात ७० आणि ८३ असे एकूण १५३ किलो वजन उचलून सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचे संकेत सरगर यांनी ५५ किलो गटात २४८ किलो उचलले. कोपराला दुखापत झाल्याने त्यांचे सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले आणि ते रौप्यपदकाचे मानकरी ठरले. दोन्ही खेळाडू साध्या घरांतून पुढे आले, ही गोष्ट ग्रामीण शाळांतील मुला-मुलींना धीर देणारी आहे.

कोणी कोणता प्रकार निवडावा?

प्रथमच आरंभ करणाऱ्याने रिकाम्या हातांनी, टाचा जमिनीवर टेकवून बैठक शिकावी. नंतर छातीशी पाच-दहा किलोंची वस्तू धरावी, आणि धड ताठ राहू लागल्यावरच दांडी घ्यावी. सर्वांगीण बळ हे उद्दिष्ट असेल तर पाठीवरील उंच बैठक मुख्य ठेवून समोरील बैठक जोडीला घ्यावी. पोलीस वा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी धावण्याच्या सरावासोबत एकपायी बैठक करावी. कुस्तीगिराने आखाड्यातील बैठका सोडू नयेत. दम त्यांतून आणि ताकद बारबेलमधून, अशी वाटणी करावी. ओझ्याचे काम करणाऱ्यांसाठी समोरील व कोपरांवरील बैठक उपयुक्त आहे. मात्र हंगामात दिवसभर पोती वाहिल्यावर संध्याकाळी पुन्हा जड व्यायाम करू नये.

आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक वेळी पाच-पाच बैठकांची तीन आवर्तने आणि मध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती, एवढा क्रम आरंभी पुरेसा आहे. सर्व आवर्तने नीट पार पडली तरच पुढील वेळी अडीच किलो वाढवावेत. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे सांगते.

समज आणि सावधगिरी

खोल बैठकीने गुडघे झिजतात, ही भीती सर्वत्र आढळते. निरोगी गुडघ्यांना क्रमाने वाढविलेल्या भाराची खोल बैठक अपायकारक नसते. अपाय होतो तो घाईने वजन वाढविल्यास आणि झटका देऊन बसल्यास. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाताच कामा नये, हा नियमही सरसकट खरा नाही. तो बळजबरीने मागे रोखला तर धड अधिक झुकते आणि ताण कंबरेवर सरकतो. गुडघे बोटांच्या दिशेने वळलेले राहावेत आणि आत कोसळू नयेत, एवढे पाहणे आवश्यक आहे.

डब्यांत सिमेंट ओतून तयार केलेल्या दांड्या खेड्यांत आढळतात. दोन्ही बाजूंचे वजन सारखे नसेल किंवा टोकाला घट्ट कडी नसेल, तर अशा दांडीने अपघात होऊ शकतो. प्रत्येक बाजू तराजूवर तोलून घ्यावी. दांडी ठेवण्यासाठी मजबूत घोडी असावी, दोन्ही बाजूंस सोबती उभे असावेत, आणि एकट्याने जड वजन कधीही घेऊ नये. जड बैठकीत श्वास रोखला जात असल्याने रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती करू नये. कंबरेपासून पायात कळ जात असेल, तर व्यायाम थांबवून तपासणी करून घ्यावी.

शाळेत बारबेल नसली तरी काम अडत नाही. वाळू भरलेली लहान पिशवी, बांबूची काठी आणि व्यायामशिक्षकाची नजर एवढ्या सामग्रीवर योग्य बैठक शिकविता येते. मुलींना या शिक्षणातून वगळण्याचे काहीच कारण नाही. पुढे हंडा आणि भारा त्यांनाच उचलावा लागतो. वयोवृद्धांनीही खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव ठेवावा. जमिनीवरून स्वतः उठता येणे हे म्हातारपणी मोठेच स्वातंत्र्य असते.

गावच्या वस्तादाकडे परंपरेचा अनुभव आहे आणि शिक्षकाकडे शास्त्राची माहिती. या दोहोंनी एकाच अंगणात उभे राहून पुढील पिढीला बसणे-उठणे शिकविले, तर मंडीतले पोते आणि बागेतले कॅरेट उचलताना अनेक कंबरा वाचतील, आणि त्यांच्या आधारावर चालणारी घरेही.