चतुश्चक्र चालन
मोटारगाडीच्या चारही चाकांना एंजिनाची शक्ती पुरविण्याची पद्धती. हिच्या ट्रान्सफर केसमध्ये (शक्ती पुढील व मागील आसांकडे वाटणाऱ्या दंतचक्रपेटीत) सामान्यतः द्विचक्र, चतुश्चक्र उच्च व चतुश्चक्र निम्न अशा तीन अवस्था असतात. अवस्थेची निवड जमिनीच्या पकडीवर अवलंबून असते.

साध्या प्रकारात चतुश्चक्र अवस्थेत दोन्ही आसांचे चालकदंड सारख्याच गतीने फिरतात. वळताना मात्र पुढील चाकांना अधिक अंतर कापावे लागते. सैल जमिनीवर चाके किंचित घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या, टणक रस्त्यावर तसे न झाल्याने यंत्रणेत ताण साचतो व दंतचक्रे मोडू शकतात. म्हणून तेथे द्विचक्र अवस्थाच वापरतात.

निसरडी वाट, उथळ चिखल व वाळू यांसाठी उच्च अवस्था योग्य असते. वाळूत गती टिकवावी लागते. टायरांतील हवा कमी केल्यास स्पर्शक्षेत्र वाढून चाके कमी रुततात. खडकाळ चढ व तीव्र उतार यांसाठी निम्न अवस्था वापरतात. विलिज जीपमध्ये (१९४१) तिचे दंतचक्र गुणोत्तर सु. १·९७ : १ होते, त्यामुळे वेग निम्म्यावर येऊन चाकांवरील परिपीडन (पीळ देणारी प्रेरणा) जवळजवळ दुप्पट होई. उतारावर एंजिनाच्या रोधामुळे ब्रेकांवरील भारही कमी होतो.

निम्न अवस्थेने जोर वाढतो, पकड नव्हे. चिखलात अतिरिक्त जोराने चाके जागीच फिरून अधिक रुततात. चतुश्चक्र चालनाने गाडी थांबण्याचे अंतरही घटत नाही. म्हणून अवघड जागेत शिरण्यापूर्वीच योग्य अवस्था निवडणे इष्ट असते.