विरोधाचे अर्थक्षेत्र : इंग्रजी शब्द आणि त्यांचे स्लोव्हाक पर्याय

मध्य युरोपीय साहित्याशी मराठीचा संबंध बहुतांशी इंग्रजीच्या मध्यस्थीने येतो. मूळ भाषेने केलेले काही अर्थभेद या मध्यस्थीत पुसले जातात आणि ते पुसले गेले आहेत हे मराठी अनुवादकाला कळण्यास मार्ग उरत नाही. विरोधवाचक शब्द हे याचे बोलके उदाहरण होय. ‘अगेन्स्ट’, ‘अपोझिट’, ‘अपोझिशन’ आणि ‘रेझिस्टन्स’ या चार इंग्रजी शब्दांना स्लोव्हाकमध्ये कोणते पर्याय येतात आणि ते कोणत्या तत्त्वावर वेगळे होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. स्लोव्हाक ही पश्चिम स्लाव्ह गटातील, चेकला निकटची भाषा असून तिच्या आजच्या प्रमाणरूपाचा पाया ल्युदोव्हीत श्तूर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८४३ मध्ये घातला.

प्रथम इंग्रजी शब्द पाहू. ‘अपोझिट’ आणि ‘अपोझिशन’ यांचे मूळ ‘समोर ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. ‘अगेन्स्ट’ हा जर्मानिक शब्द. परंतु त्याच्याही मुळाशी ‘समोर, दिशेने’ हाच अर्थ आहे. समोर असण्याच्या स्थलवाचक कल्पनेतून विरोधाची कल्पना निघालेली दिसते. रस्त्यापलीकडचे घर आणि उलट अर्थाचा शब्द ही दोन्ही इंग्रजीत ‘अपोझिट’च, आणि संसदेतील विरोधी पक्षाचे नावही याच शब्दाचे भावंड. इंग्रजीने हे अर्थ एका कुटुंबात ठेवले. स्लोव्हाकने ते निरनिराळ्या घरांत वाटले.

‘अगेन्स्ट’चा सर्वसाधारण पर्याय ‘प्रोति’ हा आहे. या शब्दाचे संस्कृत ‘प्रति’शी सगोत्र नाते आहे, दोन्ही एकाच इंडो-युरोपीय मूळ रूपाचे वंशज आहेत. हे नाते मराठी अभ्यासकाला विशेष उपयोगाचे ठरते. ‘प्रतिकार’ या शब्दात ‘प्रति’ विरोध दाखवतो, तर ‘प्रत्युद्गमन’ या शब्दात तोच पाहुण्याच्या स्वागतासाठी पुढे जाणे सुचवतो. स्लोव्हाकने हे दोन अर्थ उपसर्ग जोडून वेगळे केले. प्रवाहाविरुद्ध पोहणे किंवा खोकल्यावरचे औषध म्हणायचे असेल तर ‘प्रोति’. समोरचे घर किंवा ‘गेल्या वर्षाच्या मानाने’ असे म्हणायचे असेल तर ‘ओप्रोति’. आणि येणाऱ्या माणसाला घेण्यासाठी पुढे जायचे असेल तर ‘नाप्रोति’. हे तिन्ही शब्द संप्रदान विभक्ती घेतात. मराठीतही आपण एखाद्या मता‘ला’ विरोध करतो आणि एखाद्या प्रसंगा‘ला’ सामोरे जातो. ‘सामोरे जाणे’ पाहुण्याच्याही बाबतीत आणि संकटाच्याही बाबतीत चालते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘नाप्रोति’ आणि ‘प्रोति’ यांचे भावंडपण मराठी वाचकाला परके वाटत नाही.

‘अपोझिट’चा तार्किक अर्थ मात्र या कुटुंबाच्या बाहेर जातो. एखाद्या गोष्टीच्या नेमके उलट ते ‘ओपाक’. दोन तत्त्वे परस्परांसमोर उभी असतील तर तेथे ‘प्रोतिक्लाद’ हा शब्द येतो. त्याची घडण लॅटिन शब्दासारखीच, ‘समोर’ आणि ‘ठेवणे’ यांच्या जोडणीतून झालेली आहे. पहिल्याचा मराठी पर्याय ‘उलट’ आणि दुसऱ्याचा ‘विरुद्ध तत्त्व’ असा ठेवल्यास दोन्ही ठिकाणी ‘विरोध’ वापरण्याचा मोह टळतो.

सर्वांत अधिक घोटाळा ‘रेझिस्टन्स’ या शब्दाने होतो. याचा कोशातील पहिला पर्याय ‘ओदपोर’. विजेच्या प्रवाहाला होणारा रोध, सत्तेला केलेला प्रतिकार आणि पैसे भरण्याच्या न्यायालयीन आदेशाला घेतलेली कायदेशीर हरकत या सर्वांना हाच शब्द आहे. परंतु ‘ओदपोर’ म्हणजे किळस, तिटकाराही. आणि त्यापासून झालेले ‘ओदपोर्नी’ हे विशेषण प्रतिकारी माणसाचे नव्हे, तर किळसवाण्या वस्तूचे किंवा वर्तनाचे असते. हे दोन अर्थ शब्दयोगी अव्ययाने ओळखता येतात. ‘ओदपोर’नंतर ‘प्रोति’ आल्यास प्रतिकार, ‘कडे’ या अर्थाचे ‘क’ आल्यास तिटकारा. म्हणून ‘ओदपोर क नासिलिउ’ म्हणजे बळजोरीविषयीची घृणा आणि ‘ओदपोर प्रोति नासिलिउ’ म्हणजे बळजोरीचा प्रतिकार. एक मनाची अवस्था, दुसरी कृती. त्याच ‘पोर’ अंशाला दुसरा उपसर्ग लागला की ‘पोदपोरा’, म्हणजे आधार, पाठिंबा, असा शब्द तयार होतो. रेटणे आणि टेकू देणे या एकाच शारीरिक अनुभवाची ही दोन रूपे म्हणता येतील.

दुसऱ्या महायुद्धातील नाझीविरोधी लढ्याला इंग्रजीत ‘रेझिस्टन्स’ म्हटले जात असले तरी स्लोव्हाकमध्ये त्यासाठी ‘ओदबोय’ हा वेगळा शब्द आहे. यातील ‘बोय’ म्हणजे लढाई. २९ ऑगस्ट १९४४ रोजी सुरू झालेला स्लोव्हाक राष्ट्रीय उठाव या ‘ओदबोय’चा भाग होता. संसदेतील विरोधी पक्षासाठी मात्र लॅटिनमूलक ‘ओपोझीत्सिया’ हा शब्द रूढ आहे. मराठी अनुवादात या तिघांसाठी एकच ‘विरोध’ वापरला तर तिटकारा, सशस्त्र लढा आणि संसदीय भूमिका यांतील अंतर नाहीसे होते.

या भेदांची कसोटी एका ऐतिहासिक नावावर पाहता येईल. १७ नोव्हेंबर १९८९ रोजी प्राग येथे पोलिसांनी विद्यार्थ्यांच्या मोर्चावर बळाचा वापर केला. त्यानंतर काही दिवसांतच ब्रातिस्लाव्हा येथे ‘व्हेरेयनोस्त्य प्रोति नासिलिउ’ ही चळवळ उभी राहिली. इंग्रजीत तिचे नाव ‘पब्लिक अगेन्स्ट व्हायलन्स’ असे झाले आणि त्यावरून मराठीत ‘हिंसाविरोधी जनता’ असे रूपांतर सहज सुचेल. परंतु ‘नासिलिए’ या शब्दाच्या पोटात ‘सिला’, म्हणजे बळ, आहे. मराठीतील ‘हिंसा’ प्रथम जीवघाताकडे आणि अहिंसेच्या परंपरेकडे लक्ष वेधते. येथे अभिप्रेत आहे ती बळजोरी, सत्तेची दंडेली. ‘बळजोरीविरुद्ध जनता’ हे रूपांतर मुळाच्या अधिक जवळ जाते.

‘विरुद्ध’ आणि ‘विरोधी’ यांतील निवडही नाममात्र नाही. जून १९९० च्या निवडणुकीत हीच चळवळ स्लोव्हाकियात सर्वांत मोठी ठरली आणि तिच्या नेतृत्वाखाली सरकार बनले. नावात ‘प्रोति’ असलेली संघटना सत्तेवर आली, आणि त्यात भाषिक विसंगती नव्हती. कारण ‘प्रोति’ने कोणा पक्षाशी स्पर्धा सांगितलेली नव्हती, एका प्रवृत्तीसमोर उभे राहणे सांगितले होते. ‘ओपोझीत्सिया’ची भूमिका सत्तांतराबरोबर संपते, ‘प्रोति’ची संपतेच असे नाही.

अनुवादकाने इंग्रजी प्रतीवरून काम करताना ‘अपोझिशन’ किंवा ‘रेझिस्टन्स’ हा शब्द आला की थांबून तीन प्रश्न विचारावेत. येथे समोर असणे आहे की उलट असणे? भावना आहे की कृती? आणि कृती असल्यास ती शस्त्राची आहे की सभागृहातील? उत्तरे मिळाली तर समोर, उलट, तिटकारा, प्रतिकार, लढा, विरोधी पक्ष हे सारे शब्द मराठीत तयारच आहेत. उणीव मराठीच्या शब्दसंपत्तीत नाही. मधल्या भाषेने एकत्र केलेले अर्थ आपण पुन्हा वेगळे करीत नाही, एवढीच ती आहे.