बैलाचा खांदा शेकतात, मालकाचा कोण शेकणार?

पोळ्याच्या आदल्या दिवशी चंद्रपूर-गडचिरोलीकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात, शेकतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्याला रीतसर आवतण देतात. नांगर बंद, बंडी बंद. मालीश, शेक आणि सक्तीची सुट्टी एकाच दिवशी! बैलाच्या मालकाचा खांदा मात्र रोवणी, कापणी, मोळी आणि तेंदूच्या हंगामांत वर्षभर जुंपलेला. त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुखावली की आवतण येतं ते फक्त सल्ल्यांचं, आणि तेही गावभरातून.

तर या दुखऱ्या खांद्याच्या काही गमती, काही कामाच्या गोष्टी.

हत्तीकडे नाही, वाघाकडे नावापुरतं

कमलापूरच्या कॅम्पमधल्या हत्तींना कॉलर बोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, नसतं. बैलालाही नसतं. ताडोबाच्या वाघाला असतं, पण इवलंसं, स्नायूंत नुसतं अडकलेलं. या सगळ्यांचे पुढचे पाय धडाला मुख्यतः स्नायूंनीच बांधलेले असतात. पुढे-मागे धावायला तेवढं पुरतं. हात बाजूला पसरायचा, डोक्यावर न्यायचा, फांदीला लोंबकळायचं, तर खांदा छातीपासून दूर धरून ठेवणारं हाड हवं. ते वानराला आहे आणि आपल्याला आहे. त्यामुळे बांबूचं वरचं टोक कापणं, पाण्याचा गुंड डोक्यावर चढवणं, घर सारवताना आढ्यापर्यंत हात नेणं ही कामं माणूस करू शकतो. खांदेदुखी हा त्याच सोयीवरचा कर आहे.

बशीवरचं लिंबू

खांद्याचा सांधा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा. कारण त्याची खोबण फार उथळ: बशीवर ठेवलेलं लिंबूच म्हणा ना. दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग एका वेळी खोबणीला टेकलेला असतो. लिंबू घसरू नये म्हणून चार छोटे स्नायू आपल्या कंडरांनी त्याला चहूबाजूंनी आवळून धरतात. हाच रोटेटर कफ. चौघांपैकी वरच्या स्नायूची, सुप्रास्पिनेटसची, कंडरा सगळ्यात जास्त वेळा झिजते किंवा फाटते.

तिच्या दुखण्याची एक खासियत आहे. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांमध्ये कळ येते आणि त्याच्या वर गेल्यावर बऱ्याचदा कमी होते. दुसरी घरगुती परीक्षा: तुम्हाला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने धरून अलगद उचलला तर तो जातो? मग संशय कंडरेवर. दुसऱ्यानेही उचलेना, बाहेरच्या बाजूला वळेना, सांधाच अडकल्यासारखा झालाय? मग फ्रोझन शोल्डर असू शकतो. तो मधुमेह्यांना जास्त गाठतो, एकापासून तीन वर्षांपर्यंत छळतो आणि बहुधा आपणच सैल होतो. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून आधी हे ठरवून घेतलेलं बरं. शेजाऱ्याला ज्या गोळीने बरं वाटलं ती तुम्हालाही चालेल, असं समजायचं कारण नाही.

फाटलंय, पण दुखत नाही

जपानमधल्या एका खेड्यात संशोधकांनी ६६४ गावकऱ्यांचे खांदे तपासले. सुमारे २२ टक्के लोकांची कंडरा फाटलेली निघाली. गंमत अशी, की त्यांतल्या जवळजवळ दोनतृतीयांश लोकांना काहीही त्रास नव्हता. १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात खांद्याची तक्रारच नसलेल्या ९६ जणांचा एमआरआय काढला. साठीच्या पुढच्यांपैकी ५४ टक्के लोकांच्या कंडरेत पूर्ण किंवा अर्धवट फाट दिसली.

शिवलेल्या कंडरेतही असंच घडतं. २००४ च्या एका अभ्यासात मोठ्या फाटीचं दुर्बिणीतून ऑपरेशन केलेल्या १८ रुग्णांचे खांदे नंतर पुन्हा सोनोग्राफीने पाहिले, तर १७ जणांची शिवण उसवलेली होती. तरीही वर्षभरानंतर बहुतेकांचं दुखणं कमी झालेलं होतं, हात चालत होता!

मोठ्या शहरातून एमआरआयचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्याचा चेहरा पडलेला असतो, कारण त्यात ‘टेअर’ असं छापलेलं असतं. पन्नाशीनंतर ते पांढऱ्या केसांइतकं साधंही असू शकतं. खांदा काय करू शकतो आणि काय नाही, हे रिपोर्टच्या आधी पाहावं. आणि एक्स-रेत कंडरा दिसतच नाही. हात बसलेल्या डॉक्टरने केलेली सोनोग्राफी पूर्ण फाट ओळखण्यात एमआरआयच्या जवळपास पोचते, आणि खर्च बराच कमी.

रात्र वैऱ्याची

कंडरेचं दुखणं रात्री चेकाळतं. दुखऱ्या कुशीवर झोपू नका, हे कळायला डॉक्टर लागत नाही. कामाची युक्ती पुढची: चांगल्या कुशीवर झोपा आणि दुखरा हात छातीपुढे उशीवर टेकवा. उताणे झोपत असाल तर कोपराखाली घडी घातलेली चादर ठेवा. बस, एवढंच.

बिब्ब्याचा चटका

मोहाच्या बियांच्या तेलाने हलक्या हाताने चोळलं तर नुकसान काही नाही. बरं वाटतं, आणि घरच्यांना काहीतरी केल्याचं समाधान. बिब्बा मात्र लांब ठेवा. त्याच्या चिकात कातडी भाजणारी रसायनं असतात. फोड येतात, डाग राहतात, आणि खांद्याची कळ विसरायला होते ती फक्त फोडांच्या आगीमुळे. तिसरा प्रकार हात खेचून ‘बसवून’ देणाऱ्यांचा. सांधा निखळलेला नसेल तर बसवण्यासारखं तिथे काही नसतं. निखळलेला असेल तर आधी एक्स-रे. चाळिशीनंतर खांदा निखळला तर सोबत कंडराही फाटण्याची शक्यता बरीच असते, हे बसवणाऱ्याला सहसा माहीत नसतं.

खोट्या ऑपरेशनची खरी गोष्ट

१९७२ मध्ये अमेरिकेतले सर्जन चार्ल्स नीर यांनी खांदेदुखीवर एक उपाय मांडला. वरचं हाड कंडरेला घासतंय ना, मग ते खालून थोडं तासा. पटण्यासारखं होतं. पुढे दुर्बीण आली, भोकं लहान झाली, आणि जगभर हाडं तासली जाऊ लागली. चाळीसेक वर्षांनी ब्रिटनच्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाचं हाड तासलं. दुसऱ्या गटात दुर्बीण आत घातली, पाहिलं, काही न करता बाहेर काढली. रुग्णाला पत्ताच नाही! तिसऱ्या गटाला काहीच नाही. २०१८ मध्ये निकाल ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला: खरं आणि खोटं ऑपरेशन सारखंच उतरलं, आणि काहीच न केलेल्यांपेक्षा दोघांचा फायदा इतका किरकोळ की मोजण्यापुरता. फिनलंडमधल्या २१० रुग्णांच्या अभ्यासाचाही निष्कर्ष तोच. २०१९ मध्ये ‘बीएमजे’ने नेमलेल्या तज्ज्ञगटाने अशा दुखण्यासाठी हाड तासू नका, असं स्पष्ट सांगितलं.

हे फक्त हाड तासण्याबद्दल. फाटलेली कंडरा शिवण्याचा हिशेब निराळा आहे, तो पुढे.

भामरागडसाठी आनंदाची बातमी

भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटा नदीला पूर आला की तेही नाही. अशा ठिकाणच्या माणसाला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला या म्हणणं ही थट्टाच. म्हणून २०२१ चा एक ब्रिटिश अभ्यास मला फार आवडतो. रोटेटर कफच्या दुखण्याचे ७०८ रुग्ण. काहींना फिजिओथेरपिस्टच्या सहापर्यंत भेटी, काहींना एकच भेट, पण नीट समजावून सांगितलेली, घरी करायच्या व्यायामांसह. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत फरक नाही! म्हणजे आयुष्यात एकदाच जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं जमत असेल तर तेही वाया जात नाही. फक्त त्या एका भेटीत व्यायाम करून दाखवायला लावा, मोबाइलवर चित्रित करून घ्या, आणि घरी करा. शेवटचं कलम सगळ्यात अवघड.

सामान घरातच आहे. दोन्ही हातांत आडवी धरायची बांबूची काठी, बोटं चढवत न्यायला भिंत, ओढायला जुन्या ट्यूबचा पट्टा. वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा व्यायाम तर बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. हा माणूस भन्नाट होता. फाटलेली कंडरा शिवल्याची नोंद त्यांनी १९११ मध्ये छापली, १९३४ मध्ये खांद्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. ऑपरेशन झालेला प्रत्येक रुग्ण वर्षभराने कसा आहे हे रुग्णालयांनी नोंदवावं आणि आपल्या चुका छापाव्यात, असा त्यांचा हट्ट होता. स्वतःच्या छापल्याही. सहकाऱ्यांना हे किती आवडलं असेल, याची कल्पना करा.

आणखी एक: न पडता-झडता कंडरा पूर्ण फाटलेल्या ४५२ अमेरिकी रुग्णांनी आधी व्यायाम केला. दोन वर्षांत चौघांतल्या एकापेक्षा कमी जणांनी ऑपरेशन करून घेतलं. कोण ऑपरेशनकडे वळणार हे फाटीच्या आकारापेक्षा व्यायामाने काही होईल असं रुग्णाला वाटतं का, यावरून जास्त ओळखता आलं.

इंजेक्शन? वर सांगितलेल्या ब्रिटिश अभ्यासात स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा फायदा आठ आठवड्यांपर्यंत दिसला, वर्षाअखेरीस नाही. झोप लागत नाही, व्यायामच करवत नाही, अशा वेळी एखादं ठीक. दर हंगामाला एक, असं नको. कंडरा कमकुवत होते. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

ऑपरेशन कधी? आधी शेतीचं कॅलेंडर काढा

एका बाबतीत कॅलेंडर बघायचं नाही. मोहाच्या झाडावरून पडलात, पावसात मोटरसायकल घसरली, आणि काल चालणारा हात आज उचलत नाही. अशी ताजी फाट काही आठवड्यांत तज्ज्ञाला दाखवावी. उशीर झाला की कंडरा आत ओढली जाते, स्नायूत चरबी भरते आणि शिवायला धड काही उरत नाही.

हळूहळू झालेल्या फाटीत मात्र वेळ असतो. तीन महिने मन लावून व्यायाम करूनही भागलं नाही, तर शिवण्याचा विचार रास्त. नॉर्वेतल्या १०३ रुग्णांच्या अभ्यासात लहान-मध्यम फाटीसाठी दहा वर्षांनी ऑपरेशनवाले व्यायामवाल्यांपेक्षा पुढे होते. मग हिशेब करा. हात चार ते सहा आठवडे झोळीत. तीन महिने वजन नाही. जड काम साधारण सहा महिन्यांनी. सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि क्वालालंपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने नाबाद १४१ केल्या त्या सप्टेंबरात. दिमतीला फिजिओ असलेल्या माणसाला एवढे महिने लागले.

आता मे महिन्यात ऑपरेशन केलं तर ऐन रोवणीत हात लुळा. धान घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत केलं तर? मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं जमिनीवरून वेचता येतील, टोपली दुसऱ्याने उचलायची. मेमध्ये तेंदूची पानं तोडता आली तरी पुडक्यांचं ओझं फळीपर्यंत, म्हणजे संकलन केंद्रापर्यंत, नेणं नाही. रोवणीला हात बहुधा तयार. तेंदूची काही कमाई बुडते, ती ऑपरेशनच्या खर्चात धरा. बिलात ती दिसत नाही.

बिलाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. तुमचं ऑपरेशन यादीत आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पलीकडे सेवाग्राम आणि नागपूर. डॉक्टरच रुग्णाकडे येण्याची उदाहरणंही याच मातीत आहेत: ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्राममधल्या रुग्णालयात मुंबईचे सर्जन येऊन मणक्याची ऑपरेशनं करतात.

आणि खर्रा सोडा. धूम्रपान करणाऱ्यांची शिवलेली कंडरा कमी वेळा जुळते, असं दिसलंय. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, आणि ते खर्र्यात भरपूर असतं. सर्जनची फी देऊन वर खर्र्याच्या पुडीचे पैसे देणं म्हणजे दोन्हीकडून तोटा.

खांदा दुखतो, पण दोष खांद्याचा नाही

पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात जाणवू शकतं, हृदयविकाराचं डाव्या. हात हलवला-न हलवला तरी सारखंच दुखतंय, घाम, धाप, छातीत दाब असेल, तर तेल शोधत बसू नका.

आपल्या दोन जिल्ह्यांसाठी महत्त्वाची गोष्ट सिकलसेलची. या आजारात हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मरू शकतं. खुब्याच्या खालोखाल हे होतं ते दंडाच्या हाडाच्या डोक्यात, म्हणजे थेट खांद्यात. घरात सिकलसेल असेल आणि तरण्या पोराचा खांदा दुखत असेल, तर कंडरेची चर्चा नंतर.

उलटा खांदा

१९८५ मध्ये फ्रान्सच्या दिजाँ शहरात पॉल ग्रामाँ यांनी सांधाच उलटा केला: गोळा होता तिथे वाटी, वाटी होती तिथे गोळा. कंडरा शिवण्यापलीकडे गेली, सांधाही झिजला, तरी दंडावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू एकटा हात उचलू शकतो. सत्तरीतल्या आजींना यामुळे केस विंचरता येतात, रात्री झोप लागते. जड ओझ्याला मात्र कायमची मनाई, म्हणून पाण्याचा गुंड कोण उचलणार हे ऑपरेशनच्या आधीच सुना-लेकांमध्ये ठरवून घ्या.